दोन डबे

नेल्बा बाई शाळेतून निवृत्त झाल्या
तेव्हा त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
त्यांनी ते विकलं, आणि आयपीस घेतली.
हे त्यांनीच सांगितलं मला,
लहानपणी चोरलेल्या पेरूबद्दल सांगावं तशा सुरात.

मी मोंतेविदेओत रात्रपाळीची बस चालवतो.
शुक्रवारी सुट्टी.
शुक्रवारी मी बाईंची तिवई वाहतो,
आणि पाण्याच्या पाइपातून त्यांनी घडवलेली
ती जाड, पांढरी दुर्बीण,
जिला गल्लीतली पोरं तोफ म्हणतात.

नदीकाठची लांब फरसबंदी.
पलीकडचा देश दिसत नाही एवढी रुंद नदी.
लोक बगलेत थर्मास मारून येतात,
मातेची कडू नळी एकमेकांकडे सरकवतात,
रांगेत उभे राहतात, किंवा नाही राहत.

दुर्बिणीशेजारी दोन डबे:
एकात घेवड्याचे दाणे, दुसरा रिकामा.
पाहून झालं की एक दाणा
इकडून तिकडे.
घरी गेल्यावर बाई मोजतात
आणि त्याच दाण्यांची रविवारी उसळ करतात की काय,
मला दाट संशय आहे.

त्या शुक्रवारी घाई होती.
लिस्बनला कुठलीशी कार्यशाळा,
लोकांना आकाश दाखवणारे जगभरातले वीस जण,
तिकीट त्यांचं, राहणं त्यांचं, जेवण त्यांचं.
अर्ज सोमवारपर्यंत.
प्रश्न सातवा: किती लोकांपर्यंत पोहोचलात?
प्रश्न आठवा: परिणाम कसा मोजलात?
‘आठव्याला काय लिहू?’ बाईंनी बसच्या दारातच विचारलं.
मी म्हटलं, आधी शनी तर लावा.

बेकरीवाल्याच्या मुलीनं फलक रंगवला होता:
पिवळा गोळा, भोवती ऐटदार कडी, हॅटच्या काठासारखी.
आणि नेमकी त्या वर्षी
कडी आपल्याकडे धार करून उभी.
दिसतो तो नुसता वाटाणा
आणि त्यातून आरपार गेलेली
एक शंकास्पद सुई.

‘कडी कुठाय?’
‘बाई, बिघडलीय तुमची तोफ.’
एक गृहस्थ तर फलकाकडे बोट दाखवून म्हणाले, फसवणूक!
बाईंनी बिस्किटांच्या पुड्याचा कागद घेतला,
त्यांच्या नाकासमोर आडवा धरला.
‘आता दिसतो का कागद?’
‘नाही.’
‘मग गेला कुठे?’
गृहस्थ विचार करत करत निघून गेले.
दाणा टाकला नाही.

अकरा वाजता रांग संपली.
वाल्दिर तिथंच गळ टाकून बसतो, तीन वर्षं.
कधी उठला नव्हता.
वर काय चाललंय ते वरच्यांनी बघावं, म्हणायचा.
त्या रात्री मासेही लागत नव्हते.
तो आला, टोपी उलटी केली, वाकला.
बराच वेळ वाकून राहिला.
मी पाठीमागून त्याच्या बुटांतून गळणारं पाणी बघत होतो.

‘दोरी आहे,’ तो म्हणाला.
‘ताणलेली. वारा पडला की अशीच होते,
आहे की नाही, बोट लावल्याशिवाय कळत नाही.’
मग जरा थांबून:
‘मासा कुठल्या टोकाला?’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
सत्तावीस वर्षं शिकवलेल्या बाई,
त्यांना उत्तर आलं नाही.

हाताला आमिषाचा चिखल होता म्हणून
वाल्दिरनं दाण्यांना हात लावला नाही.
खिशातला गळाचा शिशाचा तुकडा
टण्णकन डब्यात टाकला.

एकतीस दाणे आणि एक शिसं.
‘हे किती धरायचं?’ बाईंनी मला विचारलं.
मी बस ड्रायव्हर. मी तिकिटं मोजतो.

सोमवार गेला.
अर्ज गेला की नाही, मी विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ढग,
नदीवर ओल्या घोंगडीसारखे.
तरी तिवई उतरवली. सवयीनं.
वाल्दिर आधीच येऊन बसलेला,
गळ गुंडाळून बाजूला.
‘आज काय दाखवणार?’
‘ढग,’ बाई म्हणाल्या,
आणि रिकाम्या डब्याचं झाकण काढलं.